जिभेला चष्मा

दिवाळी अंक वाचणाऱ्या मराठी माणसाच्या एका हातात अंक असतो आणि दुसऱ्या हातात चकली. या दोन हातांचा आपापसांत करार झालेला असतो. पान उलटायचे असले की चकलीने थांबायचे, आणि चकली मोडायची असली की अंकाने. हे चित्र मला फार आवडते. म्हणून आरंभीच सांगून टाकते की, पुढे जे लिहिले आहे ते कोणाच्या हातातली चकली काढून घेण्यासाठी लिहिलेले नाही. ती काढून घेऊन तिच्या जागी चकलीचे चित्र ठेवू पाहणाऱ्या मंडळींशी मला भांडावयाचे आहे.

ही मंडळी मला भेटली ती गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, शिक्षकांच्या एका शिबिरात. आरोग्य या विषयावर बोलायला एक गृहस्थ आले होते. बोलणे गोड, कपडे परीटघडीचे आणि बरोबर एक काळी पेटी. पेटीतून त्यांनी डोळ्यांवर बांधावयाचा एक जाडजूड चष्मा काढला आणि आमच्यातल्या एका बाईंच्या डोळ्यांवर चढवला. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. आपण आभासी सृष्टी म्हणू. बाई खुर्चीवर बसल्या बसल्या हवेत हात चाचपू लागल्या. त्यांच्यापुढे म्हणे केकचे दुकान उभे राहिले होते. सगळे हसले, बाईही हसल्या. मग ते गृहस्थ गंभीर झाले आणि म्हणाले, "परदेशात या चष्म्याने खाण्याच्या वासनेवर उपचार करतात. आपली मुले लठ्ठ होत चालली आहेत. प्रत्येक शाळेत असा एक चष्मा आला, तर मुलांची जीभ ताब्यात येईल." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि का वाजवल्या नाहीत हे तेथे दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण कोण कोणता शब्द कशासाठी वापरतो यावर नजर ठेवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि त्या गृहस्थांनी 'वासना' हा शब्द ज्या सढळ हाताने वापरला तेथेच मला पहिली ठेच लागली. घरी आल्यावर या चष्म्याविषयी जे जे मिळाले ते वाचून काढले. ते शिबिरातल्या भाषणाहून पुष्कळच वेगळे निघाले.

प्रथम या यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलते. कारण ते थोडेथोडके नाही. स्पेनमधील बार्सिलोना विद्यापीठात होसे गुतिएरेझ-माल्दोनादो, मार्ता फेरेर-गार्सिया आणि त्यांचे सहकारी यांनी या कामात बरीच वर्षे घातली आहेत. इटलीत मिलानच्या ज्युसेप्पे रीवा यांनी तर गेल्या शतकाच्या अखेरीपासून. त्यांच्याकडे येणारी माणसे म्हणजे फराळाच्या डब्याभोवती घुटमळणारी तुमच्याआमच्यासारखी माणसे नव्हेत. त्यांना रोग आहे. या रोगातला माणूस एकदा खायला बसला की त्याला थांबताच येत नाही. पोट दुखेपर्यंत खातो, चव न घेता खातो, एकटा खातो, आणि नंतर लाजेने अर्धमेला होतो. काहीजण घशात बोटे घालून ते ओकून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करतात, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्याकडे भस्म्या रोगाच्या गोष्टी सांगतात. पण भस्म्या झालेल्या माणसाला निदान भूक तरी असते. या बिचाऱ्यांना पुष्कळदा तीही नसते.

त्यांच्यावरच्या या उपचाराचे मूळ पावलोवच्या कुत्र्यांत आहे. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या रशियन शास्त्रज्ञाने दाखवले की, अन्नाबरोबर नेमाने येणारी कोणतीही खूण, मग ती वाढणाऱ्याच्या पावलांची चाहूल का असेना, पुढे अन्नावाचूनच तोंडाला पाणी आणते. आणि खूण येत राहिली पण अन्न आलेच नाही, तर ते पाणी हळूहळू आटते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या अनिता यान्सेन यांनी १९९८ साली हाच न्याय या अनावर खाण्याला लावला. रोग्याच्या बाबतीत एखादी खोली, एखादी वेळ, मनाची एखादी अवस्था हीच ती खूण झालेली असते. तेव्हा त्याला त्या खुणेसमोर बसवा, खाऊ देऊ नका, आणि जिवाची तगमग आपोआप खाली उतरेपर्यंत उठू देऊ नका.

कागदावर हे सोपे दिसते. पण रोग्याच्या घरातले स्वयंपाकघर दवाखान्यात कसे आणावयाचे? खऱ्या बेकरीत नेले तर चारचौघांत तमाशा. दवाखान्यात केक आणून ठेवला तर केक खरा, पण जागा खोटी. येथे आभासी सृष्टी कामाला येते. बार्सिलोनाच्या मंडळींनी चार जागा तयार केल्या: स्वयंपाकघर, जेवणघर, कॅफे आणि निजायची खोली. रोग्याला सर्वांत जास्त छळणारे पदार्थ विचारून घ्यायचे, कोणत्या जागी ते जास्त छळतात हेही विचारायचे, आणि जो प्रसंग सर्वांत कमी छळतो तेथून आरंभ करायचा. समोर टेबलावर तो पदार्थ दिसतो, तो उचलता येतो, फिरवून पाहता येतो. खाता मात्र येत नाही. उपचार करणारा शेजारी बसून मधूनमधून विचारतो, आता तगमग किती? रोगी आकडा सांगतो. आकडा उतरला की पुढचा प्रसंग.

त्या चार जागांतली निजायची खोली वाचून मी जरा थांबले. निजायच्या खोलीत कोण खाते? घरातली सगळी झोपल्यावर, दिवा न लावता, उशीखालचा पुडा काढून जो खातो तो. ज्याने ही चौथी खोली यंत्रात घातली, त्याने रोग्याचे बोलणे नीट ऐकून घेतले आहे, एवढे मला तेवढ्यावरून कळले.

फळ काय? २०१७ साली या मंडळींनी स्पेन आणि इटलीतल्या ६४ रोग्यांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. विचारांना आणि सवयींना वळण लावण्याचा जो रुळलेला मानसोपचार आहे, तो या सर्वांवर आधीच झालेला होता आणि तरीही ते बरे झाले नव्हते. अर्ध्यांना तोच उपचार आणखी दिला, अर्ध्यांना आभासी सृष्टीतला दिला. बैठका सहा. शेवटी पहिल्या गटातल्या २५ टक्के रोग्यांचे अनावर खाणे थांबले होते, दुसऱ्या गटातल्या ५३ टक्के रोग्यांचे. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा हेच प्रमाण २६ आणि ७० असे होते. चौसष्ट माणसे म्हणजे काही जग नव्हे. पण ज्या आईने आपल्या मुलीला न्हाणीघरात कोंडून घेऊन ओकताना ऐकले आहे, तिला विचारा या आकड्यांची किंमत. हा उपचार आमच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतून मिळू लागला, तर पहिला हार मी घेऊन येईन.

पण यातून 'प्रत्येक शाळेत एक चष्मा' कसा निघाला? नाव असलेला रोग, दुसरा उपाय हरलेला, शेजारी शिकलेला माणूस बसलेला, सहा बैठका आणि मग सुट्टी. हे सगळे गाळून नुसता चष्मा उचलायचा आणि पाचवी ब च्या वर्गात आणून ठेवायचा? टायफॉइडला औषध आहे म्हणून ते शाळेच्या टाकीत ओतावे, अशातला हा प्रकार आहे.

गोंधळ झाला आहे तो शब्दात. खाण्याच्या ओढीला मराठीत एक शब्द नाही. ज्यांनी ही भाषा घडवली ती माणसे या बाबतीत फार चोखंदळ होती. भूक वेगळी. तल्लफ वेगळी, ती चहाची येते, तंबाखूची येते, वरणभाताची येत नाही. हाव हा स्वभाव आहे. वखवख हा जवळजवळ रोगच. डोहाळे पुरवायचे असतात. आणि चटक लागते. लागते म्हणण्यापेक्षा पुष्कळदा कोणीतरी लावते. आमच्या आज्या "पोराला हॉटेलची चटक लावलीत तुम्ही" असे म्हणत, तेव्हा दोष पोराचा नाही, लावणाऱ्याचा आहे, हे त्या वाक्याच्या व्याकरणातच असे. चष्मेवाल्या गृहस्थांनी या सगळ्यांना एकाच पोत्यात भरले, वर 'वासना' अशी चिठ्ठी लावली आणि पोते माणसाच्या पाठीवर दिले. बार्सिलोनाचा उपचार वखवखीवरचा आहे. त्याने भूक जात नाही, जाऊ नये. आणि चटक लावणारा तर त्या चष्म्यात दिसतच नाही.

भुकेचे पाहा. अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरी हाच चष्मा उपचारासाठी नव्हे तर अभ्यासासाठी वापरून पाहिला. ट्रेसी लेडू आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१३ साली छापून आला. साठ बायका निवडल्या. वजन योग्य असलेल्या, कोणतेही पथ्य न करणाऱ्या. त्यांना पदार्थ चार तऱ्हांनी नव्हे, तीन तऱ्हांनी दाखवले: चष्म्यातून, छायाचित्रांतून आणि प्रत्यक्ष. चष्म्यातून खाण्याशी संबंध नसलेलेही काही दाखवले, तुलनेसाठी. ओढ किती वाटते हे विचारले आणि तोंडाला सुटणारे पाणीसुद्धा मोजले. निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला आहे, त्याबद्दल त्यांचे कौतुक. चष्म्यातल्या पदार्थांनी जी ओढ वाटली ती खाण्याशी संबंध नसलेल्या देखाव्यापेक्षा जेमतेम जास्त होती; साध्या छायाचित्राहून वेगळी नव्हती; आणि खऱ्या अन्नापुढे तर स्पष्टच कमी पडली. म्हणजे एवढे यंत्र उभारून जे साधले ते पाककृतीच्या पुस्तकातल्या रंगीत पानाने साधत होते.

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट आहे, तीकडे कोणी फारसे पाहत नाही. ओढ मुळात मोजण्याइतकी तरी असावी म्हणून साठांतल्या निम्म्या बायकांना आधी एकसुरी आहारावर ठेवले होते. ओढ निर्माण करण्याची ही युक्ती कोणत्याही पथ्य करणाऱ्या बाईला पाठ आहे! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. धडधाकट तरुण, पण काही आठवड्यांत त्यांचे बोलणे, त्यांची स्वप्ने अन्नाने भरून गेली. पाककृतींची पुस्तके ते कादंबऱ्यांसारखी वाचू लागले, जमवू लागले. त्यांना चष्मा घालून केकसमोर बसवले असते तर त्यांच्या तगमगीचा आकडा आभाळाला भिडला असता. त्यावरून त्यांचे मन रोगी आहे असा निष्कर्ष काढणारा वैद्य तुम्हांला चालला असता का? त्यांना जेवण हवे होते. आणि आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालच्या शंभरांतली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. माझ्या वर्गात दुपारच्या खिचडीला दोनदा रांगेत उभी राहणारी मुले आहेत. त्यांची जीभ ताब्यात आणावयाची म्हणजे काय करावयाचे?

बरे, नुसत्या मनाच्याच मार्गाने जावयाचे असेल तर त्याला यंत्र लागतेच असेही नाही. मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. २०१० साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी या म्हणीलाच धक्का दिला. काही लोकांना चॉकलेटच्या गोळ्या एकामागून एक खात आहोत अशी कल्पना करायला सांगितली, कोणाला तीस, कोणाला तीनच. मग खऱ्या गोळ्यांची वाटी पुढे केली. ज्यांनी मनात तीस खाल्ल्या होत्या त्यांनी वाटीतल्या कमी खाल्ल्या. गंमत अशी की, गोळ्या खाण्याऐवजी नुसत्या उचलून भांड्यात टाकण्याची कल्पना ज्यांनी तीस वेळा केली, त्यांनी जास्तच खाल्ल्या. मनात मांडे खायचे असतील तर चावून खावेत, नुसते हाताळू नयेत. एवढे सगळे झाले ते डोळे मिटून; चष्मा नाही, वीज नाही, मासिक वर्गणी नाही. ज्यात विकण्यासारखे काही नाही अशा शोधाची शिबिरात पेटी उघडून कोणी माहिती देत नाही.

साठ बायका. हा आकडा मला सोडत नाही. शास्त्रीय कारण असेलही. प्रयोगात सारखी माणसे घेतली की मोजमाप सोपे जाते. तरी बाईच्या तोंडाला सुटलेले पाणी मोजण्याची हौस जगाला फार जुनी आहे. आपल्याकडे बाईला काही खावेसे वाटले तर त्याला मान मिळतो तो एकदाच, ती पोटुशी असताना. सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिची इच्छा अपुरी ठेवली तर गर्भाला बाधा होते, असे बजावले आहे. त्या दोहदाचेच आपण डोहाळे केले. मग चोरओटी झाली, डोहाळजेवण झाले, झोपाळ्यावरचे, बागेतले, चांदण्यातले, नावेतले! पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बाईला बसवतात, चांदीच्या कागदाच्या चांदण्या टांगतात, फुलांचे दागिने घालतात. आभासी सृष्टी म्हणावी तर ही केवढी देखणी आभासी सृष्टी. आणि तिच्या शेवटी खरी पुरणपोळी असते. पण जेवण पोटातल्या जिवासाठी, बाईसाठी नव्हे. बाळंतपण आटोपले की तीच बाई उभ्या उभ्या, सगळ्यांची पाने उचलल्यावर, कढईला लागलेले खरवडून खाते, आणि चार महिन्यांनी तिला कोणीतरी सांगते की, अंग फार सुटले हो तुझे. तिच्या हातात हा चष्मा ठेवला तर ती तो मुकाट्याने घालील. आपल्याला खावेसे वाटते हाच आपला दोष, हे तिला कोणी शिकवायला नको. लहानपणापासून शिकूनच आली आहे. बार्सिलोनाच्या रोग्यांना ज्या लाजेतून बाहेर काढायचे असते, तीच लाज ही वस्तू धडधाकट बाईला घरपोच आणून देईल, अशी मला भीती आहे.

आता चटक. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे केविन हॉल यांनी वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यात तयार होणारे, पुड्यातले आणि डब्यातले अन्न; दोन आठवडे साधे, घरी शिजवतात तसे. दोन्हींत साखर, स्निग्ध, मीठ, चोथा यांचे प्रमाण वाढताना सारखे राखले होते, आणि हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. २०१९ साली निष्कर्ष आला: कारखानी अन्नावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. माणसे तीच, मने तीच, इच्छाशक्ती जी काय असेल तीही तीच. बदलले होते ते ताट. मग उपचार माणसाच्या डोळ्यांवर का बांधावयाचा?

याला चष्मेवाल्यांचे उत्तर असे की, कारखाने काही आपल्या हातात नाहीत, मन आपल्या हातात आहे. मला हे उत्तर चोराला सोडून घरमालकाला जागरणाचे औषध देण्यासारखे वाटते. आणि ते औषध तरी फक्त घरमालकालाच मिळणार आहे का? तोक्यो विद्यापीठात ताकुजी नारुमी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक चष्मा दाखवला. तो घातला की हातातले बिस्कीट मोठे दिसते, हात मात्र आहे तेवढाच. दीडपट मोठे दाखवले तेव्हा लोकांनी सुमारे दहा टक्के कमी खाल्ले. वर्तमानपत्रांना हे फार आवडले. पण त्याच प्रयोगात बिस्कीट दोनतृतीयांश करूनही दाखवले होते, आणि तेव्हा लोकांनी सुमारे पंधरा टक्के जास्त खाल्ले! चष्मा एकच, फिरकी उलटी फिरवली. ती फिरकी बार्सिलोनात वैद्याच्या हातात आहे. बाजारात ती कोणाच्या हातात असेल?

या विद्येच्या जन्मापासून तिच्या शेजारी दुकान आहे, हे कदाचित पुष्कळांना ठाऊक नसेल. पावलोवच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना खोटे जेवण देत. अन्ननलिकेला गळ्यातूनच बाहेर वाट करून दिलेली असे. कुत्रे चावे, गिळी, आणि घास पोटात न जाता बाहेर पडे. तरी आशेने जठरात रस पाझरे. तो रस नळीने गोळा करत, गाळत, आणि अपचनावरचे औषध म्हणून बाटल्यांतून विकत. रशियात विकत, बाहेरदेशीही पाठवत. खोट्या जेवणावरच्या खऱ्या रसाची प्रयोगशाळेला चांगली प्राप्ती होत असे.

आजचा रस वेगळा आहे. आजच्या पुष्कळ चष्म्यांत बुबुळे कोठे वळतात, कोठे किती वेळ ठरतात हे टिपण्याची सोय असते. समोरच्या फडताळात वीस पदार्थ मांडले, तर पोराची नजर आधी कशावर गेली, कशावरून हटली, कोठे परत आली, हे सारे नोंदले जाते. पोराला स्वतःला जे सांगता येणार नाही, आईला जे ठाऊक नाही, ते त्या नोंदीत असते. आभासी दुकाने मांडून गिऱ्हाइकाची नजर मोजण्याचा उद्योग माल खपवणाऱ्यांनी केव्हाच सुरू केलेला आहे. वैद्याच्या वहीत ही नोंद रोगाचे निदान ठरेल. पुड्याचे चित्र काढणाऱ्याच्या हाती पडली तर पुढच्या वर्षीचा पुडा ठरेल.

कायदा नाही का? आहे. २०२३ साली आपल्या संसदेने माणसाच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. पण आजाराच्या माहितीला आणि चपलेच्या मापाला त्यात वेगवेगळे कप्पे नाहीत. जास्त नाजूक माहिती अशी निराळी जातच त्यात केलेली नाही. मुलांचा माग काढू नये, मुलांवर नेम धरून जाहिराती करू नयेत, आईबापांची संमती घ्यावी, असे त्यात आहे, हे चांगलेच आहे. पण आरोग्यसंस्थांना आणि शिक्षणसंस्थांना काही कामांपुरती सूट देण्याची वाटही ठेवली आहे. आणि संमतीचे म्हणाल, तर ती गोळा करणारी मीच. वर्षभर संमतीपत्रे माझ्या टेबलावर येतात. सहलीचे, लसीचे, फोटोचे. शंभरांतल्या नव्वदांवर वाचण्याच्या आधीच सही झालेली असते. शाळेने पाठवले आहे ना, मग करा सही! शाळेवरचा हा विश्वास मला मोडायचा नाही, आणि कोणा चष्मेवाल्याला तो उसना द्यायचाही नाही.

म्हणून माझे मागणे अगदी साधे आहे. हा चष्मा रुग्णालयात राहू द्या, रोग्याच्या डोळ्यांवर, वैद्याच्या देखरेखीखाली; तेथली नोंद तेथल्या तेथे पुसून टाका. शाळेत तो आणू नका. शाळेसाठी दुसरे एक साधन २०२० सालापासून सरकारच्या दप्तरात तयार पडलेले आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे की, ज्यांत साखर, मीठ किंवा चरबी फार आहे असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत कोणत्याही दिशेला मुलांना विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये. याला वीज लागत नाही, पेटी लागत नाही. एक टेप लागते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर सहावीच्या गणिताच्या बाईंना सांगून मी ती टेप मुलांकडून धरवली. लांबी मोजणे हा धडा होताच. आमच्या फाटकापासून ५० मीटर म्हणजे मुलांची अठ्ठ्याऐंशी पावले भरली. तेवढ्या पावलांत तीन दुकाने आणि एक हातगाडी. चारही ठिकाणी पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा मुलांच्या नाकाच्या उंचीवर टांगलेल्या. मुलांनी सगळे आकडे वहीत नीट लिहिले, आकृती काढली, दिशा दाखवल्या. तिची प्रत आम्ही ज्या कचेरीत पाठवावयाची तेथे पाठवली आहे. पोच आली आहे.